हरिपाठ देवळात, बैठक शाळेच्या ओसरीत

बीड जिल्ह्यात धारूर-केजच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं तीनेकशे उंबऱ्यांचं गाव. जमीन कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस, बांधाला थोडी तूर. दसरा झाला की निम्मं गाव ज्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली त्या मुकादमाच्या मागे ऊसतोडीला निघतं. दोन वर्षांत या गावातल्या तीन घरांत कर्त्या माणसानं जीव दिला. दोन घरं गावठाणातली, एक भीमनगरातलं. मागे राहिलेल्या तिघीही चाळिशीच्या आतल्या. (प्रकरण प्रातिनिधिक आहे. या पट्ट्यातल्या अशा बैठकांत जे वारंवार घडतं, ते एका गावाच्या रूपात मांडलं आहे. म्हणून गावाचं नाव नाही, बायांची नावं नाहीत.)

गावच्या आशाताई (आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या) आणि भजनी मंडळातल्या थोरल्या आक्का या दोघींनी आषाढीनंतर ठरवलं की तिघींना दर गुरुवारी मारुतीच्या देवळात हरिपाठाला बोलवायचं. बाई घराबाहेर पडेल, चारचौघींत बसेल, मन मोकळं करेल, एवढाच हेतू. चार गुरुवार हरिपाठ नीट पार पडला आणि मन कुणीच मोकळं केलं नाही. पाचव्या गुरुवारी तिघींपैकी एकच आली. भीमनगरातली तर पहिल्यापासूनच आली नव्हती.

दोघींची श्रद्धा खरी होती, कष्टही खरे होते. अडलं होतं ते मांडणीत. प्रार्थना माणसं गोळा करते आणि जीव शांत करते. पण प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचं तोंड एका दिशेला असतं, शब्द आधीच ठरलेले असतात, आणि तेच तिचं बळ असतं. स्वतःचे शब्द शोधणाऱ्या बाईला मात्र दुसरीच जागा लागते. या गावात दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी करायला गेले म्हणून दोन्ही अडल्या.

जागा आणि बसणं

हरिपाठ म्हणताना दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात. कीर्तनात बुवा उभे आणि गाव बसलेलं. भजनात टाळकरी पुढे, बाकीचे मागे. गोल करून बसायची सवय देवळात कुणालाच नव्हती. त्यात सतरंजी लांबट, त्यामुळे बाया आपोआप ओळीत बसत आणि नव्यानं आलेली बाई हटकून मागच्या ओळीत भिंतीशी.

देवळाच्या दोन अडचणी तर कुणी बोलूनही दाखवल्या नव्हत्या. पाळी आलेली बाई देवळात येत नाही, म्हणजे दर गुरुवारी कोणी ना कोणी गैरहजर आणि बैठकीची वीण सुटलेली. आणि भीमनगरातल्या बाईला देवळात बोलावणं हेच मुळात बोलावणं नव्हतं. तिची प्रार्थना वेगळी, तिचा विहार वेगळा. ‘सगळ्यांना दार उघडं आहे’ असं म्हणून भागत नाही. कोणत्या दारात पाय ठेवताना कुणाला अवघडतं, हे आधी पाहावं लागतं.

म्हणून पहिला बदल जागेचा झाला. आशाताईंनी सुचवलं की देवळातच हरिपाठ थोडा आखडता घ्यावा, सत्तावीसपैकी पाचच अभंग म्हणावेत, म्हणजे बोलायला वेळ उरेल. आक्का ठाम होत्या : “हरिपाठ अर्ध्यात सोडत नसतेत.” त्यांचं बरोबर होतं. बैठकीसाठी उपासना कापली तर उपासना करणाऱ्या बायाच दुखावतात, आणि बैठकीचा कणा त्याच असतात. तेव्हा हरिपाठ दिवेलागणीला देवळातच, पूर्ण सत्तावीस अभंगांचा, जसा होता तसाच ठेवला. बैठक मात्र भाकरतुकडा झाल्यावर साडेआठला जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीत. हरिपाठाला यावं, बैठकीला यावं, दोन्हीला यावं, कुणी विचारणार नाही.

ओसरीत खडूनं गोल आखला. मांडी घालून बसलेल्या बाईला सव्वादोन फूट जागा लागते. बारा जणींचा घेर सत्तावीस फूट होतो, म्हणजे गोलाची रुंदी साडेआठ-नऊ फूट. याहून मोठा गोल झाला तर हळू बोललेलं समोरच्या बाईपर्यंत पोचत नाही आणि बोलणारीला आवाज चढवावा लागतो. दुःख चढ्या आवाजात सांगता येत नाही. याहून लहान गोलात गुडघ्याला गुडघा लागतो, आणि सगळ्याच जणींना ते चालत नाही. गुडघे धरलेल्या दोन म्हाताऱ्यांना खुर्ची दिली तर त्या सगळ्यांच्या वर बसल्यासारख्या दिसत. म्हणून गोलच ओसरीच्या एका खांबाला चिकटवून आखला आणि दोघींना खांबाला पाठ टेकून खाली बसवलं. मध्ये काही ठेवलं नाही, फोटो नाही, समई नाही. कंदील गोलाच्या बाहेर, उजेड अंगावर पडेल पण डोळ्यांवर येणार नाही असा.

बाया बारा ते चौदा. मध्यंतरी सतरा झाल्या होत्या आणि त्याचा फटका बसला, ते पुढे येईल. सासू-सून किंवा जावा-जावा एका बैठकीत नकोत, हा नियम सुरुवातीला कुणाला सुचला नव्हता.

प्रार्थना, मग मौन, मग फेरी

बैठक दीड तासाची. पहिली दहा मिनिटं प्रार्थनेची, पण ज्याची त्याची. गावठाणातली कोणी एक अभंग किंवा ओवी म्हणते. भीमनगरातल्या बाया त्रिशरण-पंचशील म्हणतात. तांबोळ्याच्या घरातली एक बाई येते, ती मनातल्या मनात दुआ मागून तळहात चेहऱ्यावरून फिरवते. दुसरीची प्रार्थना चालू असताना बाकीच्या गप्प. सोबत म्हणायची सक्ती नाही. सगळ्यांची मिळून एक ‘सर्वधर्म’ प्रार्थना करावी असंही सुचवून झालं होतं. ते बरं झालं बारगळलं. अशी प्रार्थना ओठांवर येते, पण कुणाच्याच पोटातली नसते.

नंतर तीन मिनिटं मौन. घड्याळ किंवा मोबाइल गोलात नको. आक्का मनातल्या मनात एक माळ ओढतात. १०८ मण्यांना साधारण तेवढाच वेळ जातो. या तीन मिनिटांशिवाय बैठक चालत नाही. मौन नसेल तर पहिली बोलणारी बाई प्रार्थनेच्याच सुरात बोलते : देवाच्या मनात होतं, भोग होते, आपलं काय चालतं. हे खोटं असतं असं नाही, पण ते तिचं स्वतःचं अजून नसतं. मौनात आधीचा सूर विरतो. पहिल्या मिनिटाला चुळबुळ, दुसऱ्यात कुणीतरी खोकतं, तिसऱ्यात श्वास संथ होतात. चालवणारीला पहिल्यांदा हेच जड जातं आणि ती दीड मिनिटातच ‘चला’ म्हणून मोकळी होते. तसं करू नये.

मग फेरी. हातात ठरावीक वस्तू असेल तिनंच बोलायचं, तिचं झालं की वस्तू उजवीकडे द्यायची. ही रीत मूळची उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांची. कॅनडाच्या युकॉन भागात १९९२ पासून न्यायालयांनीही गुन्ह्यानंतर गावाला एकत्र बसवण्यासाठी ती वापरली. आपल्याकडे वस्तू कोणती घ्यायची, हे गावाप्रमाणे ठरतं. इथे आधी आक्कांची तुळशीची माळ घेतली. ज्या माळकरी नव्हत्या त्या बिचकल्या : सकाळी मटण खाल्लंय, हात कसा लावू? भीमनगरातलीनं माळ न धरताच पुढे सरकवली. मग वाकळीचा वीतभर चौकोनी तुकडा घेतला, जुन्या लुगड्यांच्या चार घड्या घालून धावदोरा मारलेला. त्याला ना जात, ना सोवळं. आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. बोलताना बाईला हाताला काहीतरी चाळा लागतो, नजर खाली लावायला जागा लागते. वाकळ शिवताना बाया जशा मोकळ्या बोलतात, तसं तो तुकडा हातात आला की थोडं होतं.

चालवणारी सुरुवातीला एवढंच सांगते : तुकडा हातात आहे तिनं बोलावं. बोलायचं नसेल तर पुढे द्यावा. स्वतःचंच सांगावं, शेजारणीचं नाही. बाकीच्यांनी ऐकावं, उत्तर देऊ नये. इथलं इथंच ठेवावं. जिनं तुकडा पुढे दिला तिला सगळ्यांचं झाल्यावर पुन्हा एकदा मिळतो, आणि तेव्हाही तिनं न बोलता परत दिला तर चालतं. एकेकीला तीनेक मिनिटं. कुणी दहा मिनिटं घेतली तरी मध्ये तोडत नाहीत. पुढच्या गुरुवारी फेरी तिच्या डावीकडून उलटी सुरू करतात, म्हणजे तिची पाळी शेवटी येते आणि वेळ आपोआप बेताचा होतो.

उत्तर न देणं

इथेच सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून हे सविस्तर.

आपल्याकडे दुःख ऐकलं की धीर द्यायचा असतो. गप्प बसणं म्हणजे दगडाचं काळीज. त्यामुळे बाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत चारही बाजूंनी बोलणं सुरू होतं : “सगळं बघतोय वर बसलेला.” “लेकराकडं बघून दिवस काढ माय.” “तुझं तरी बरं, माझी तर सासू...” हे सगळं मायेनंच येतं. पण पहिल्या वाक्यानं तिची तक्रार देवाच्या दारात बंद होते, दुसऱ्यानं तिच्यावर काम सोपवलं जातं आणि तिसऱ्यानं पाळी दुसऱ्याच बाईकडे जाते. तिन्हीत ती गप्प होते. सत्संगात नेहमी जाणाऱ्या बायांकडून पहिलं वाक्य हमखास येतं. प्रार्थना आपल्या वेळी झालेली आहे. ती बाईच्या बोलण्याला उत्तर म्हणून परत आणायची नाही, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागतं.

या गावातल्या सर्वांत धाकट्या विधवेनं दोन गुरुवार तुकडा न बोलता पुढे दिला. तिसऱ्या गुरुवारी तिनं तो हातात धरून ठेवला, कडेचा दोरा अंगठ्यानं उसवत राहिली आणि म्हणाली, “मोंढ्यातली पट्टी त्यांच्या खिशात व्हती. सोयाबीनची. अजून डब्यात ठिवलीय. कुणाला दावली न्हाई.” (पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्यानं दिलेला हिशेबाचा कागद.) शेजारणीचा हात तिच्या पाठीकडे गेला. आशाताईंनी मान हलवून थांबवलं. कुणी काही बोललं नाही. बराच वेळ गेला. मग ती पुढे म्हणाली, “खताची उधारी आडत्यानंच वळती करून घेतली. हातावर अकराशे टेकवले. मी म्हणलं, एवढेच? तेवढंच म्हणलं मी.”

‘तेवढंच म्हणलं मी’ हे सांगायला ती आली होती. पट्टीशी थांबून सगळ्यांनी धीर दिला असता तर हे वाक्य तिच्याकडेच राहिलं असतं, आणि आतून तेच तिला खात होतं. त्यावरही त्या रात्री कुणी “तुझी काय चूक” असं म्हटलं नाही. पुढच्या बाईनं तुकडा हातात घेतला आणि स्वतःचं सांगितलं : नवऱ्याशी शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं होतं. उत्तर मिळालं ते असं.

पाठीवर हात ठेवणं, पाणी पुढे करणं, डोळे पुसायला पदर देणं, हे रडू थांबवायचे इशारे असतात, आणि रडणाऱ्या बाईला ते बरोबर कळतात. तांब्या गोलाबाहेर ठेवावा. तिला हवं असेल तर ती मागेल. आणि जिला बोलता येतच नाही, तिनं ओवी म्हणावी. खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं महिनाभर गद्यात एक शब्द काढला नाही. मग जात्यावरच्या चालीत, स्वतःचं रचून, मेलेल्या लेकाशी बोलली. मराठवाड्यातल्या जुन्या बायांना ही विद्या येते. तिला चालवणारीनं शिबिरातल्या कुठल्याही तंत्राच्या वर मान द्यावा.

बाहेर गेलेली गोष्ट

बैठकीत सतरा बाया झाल्या तेव्हा गोल नीट बसेना, दोघी-तिघी कडेला दुहेरी बसू लागल्या आणि कुजबुज सुरू झाली. पट्टीची गोष्ट टँकरच्या रांगेत निघाली. तिथून चुलत जावेमार्फत सासऱ्याच्या कानावर गेली. “घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली” म्हणून सासऱ्यानं तिचं येणं बंद केलं.

गोष्ट कुणी फोडली, हा शोध घेतला नाही. शोध घेतला असता तर बैठकीची पंचायत झाली असती. दोघी तिच्या घरी गेल्या, आधी तिची माफी मागितली, मग सासऱ्यांसमोर बसल्या. सासऱ्यांची भीती इज्जतीची होती, पण आणखीही एक होती : पट्टी कुणाच्या हाती लागली तर आडत्याशी वाकडं येईल आणि पुढच्या साली उधार मिळणार नाही. ती भीती खोटी म्हणता येत नाही. दोन आठवड्यांनी ती परत आली, मात्र पुढे बरेच दिवस तुकडा पुढे देत राहिली. विश्वास असाच परत येतो.

बदल दोन केले. सोमवारची दुसरी बैठक सुरू झाली आणि जावा, सासू-सुना वेगवेगळ्या वारी वाटल्या. ‘इथलं इथंच’ या नियमाचा अर्थही पक्का केला : बैठकीबाहेर त्याच बाईशीसुद्धा तिनं स्वतः विषय काढल्याशिवाय बोलायचं नाही. ‘कसं वाटतंय आता?’ हे टँकरच्या रांगेत विचारणंही गोष्ट फोडणंच आहे.

प्रार्थना औषधाच्या जागी येते तेव्हा

मिरगीची गोळी चालू असलेल्या एका बाईनं बैठकीत सांगितलं, “हरिपाठानं झोप लागतीय, गोळी सोडली.” चार जणींनी हात जोडले. गोळी अचानक तोडली की झटके उलटून येतात, कधी एकामागून एक. इथे उत्तर न देण्याचा नियम मोडावाच लागतो, पण फेरीत नाही. फेरी पुरी झाल्यावर आशाताईंनी तिला बाजूला घेतलं, त्याच रात्री गोळी सुरू करून दिली आणि सकाळी दवाखान्यात नेलं. तेव्हापासून मौनाच्या आधी एक वाक्य वाढवलं आहे : इथं बरं वाटतं, पण गोळी डॉक्टरच बंद करतात.

दुसरं वाक्य असं येतं : “कधी वाटतं, त्यांच्या मागं जावं.” हे ऐकल्यावर फेरी थांबते. चालवणारी सरळ विचारते : जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्यानं विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं बहुतेकदा बाई सुटकेचा श्वास टाकते. पुढे विचारायचं ते असं : किती दिवसांपासून येतं, काही ठरवलंय का, आज रात्री घरी कोण आहे, फवारणीचं औषध कुठे आहे. त्या रात्री तिला एकटीला सोडत नाहीत. दोघी सोबत जातात आणि औषधाचे डबे उचलून दुसऱ्या घरी कुलपात ठेवतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन दिवसरात्र फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. आरोग्य खात्याचा १०४ आहे. सकाळी केजला उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराला न्यावं. पोलीस केस होईल या भीतीनं घरचे गप्प बसतात. त्यांना सांगावं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

कागदाचा वार वेगळा

विधवेच्या दुःखात निम्मे कागद असतात. जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घराला सरकारी मदत एक लाखाची. त्यात ३०,००० रोख आणि ७०,००० ठेवीत. पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते, आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. गावातल्या दुसऱ्या घरचं कर्ज परवाना नसलेल्या माणसाचं होतं, म्हणून प्रकरण अपात्र. अशा सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

हे सगळं करायलाच हवं, पण गोलात नको. एकदा सातबाऱ्याचा विषय निघाला की ज्या दोघींना कायदा कळतो त्याच बोलतात आणि उरलेल्या दहा प्रेक्षक होतात. झिम्बाब्वेत हरारे शहरात २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षित आज्या एकेकीशी बसून अडचणीतून वाट काढायला मदत करतात. ते काम एकीनं एकीशी करायचं आहे, म्हणून तिथे जमतं. इथे त्यासाठी मंगळवारी दुपारी अंगणवाडीत आशाताई आणि बचत गटाची सचिव बसतात. पुढारी, सत्कार, साडीवाटप आणि मोबाइलवर फोटो काढणारा कार्यकर्ता यांना तिन्ही वारी मनाई आहे. एकदा एक जण हार घेऊन आला होता. आक्कांनी त्याला ओसरीच्या पायरीवरूनच परत पाठवलं.

शेवट आणि खंड

फेरी झाली की गेलेल्या माणसांची नावं घेतात, ज्यांना घ्यायची आहेत त्यांनीच. मग मिनिटभर मौन. ज्यांना पसायदान म्हणायचं त्या म्हणतात. सुरुवातीला देवळात हळदीकुंकू फिरायचं आणि ताट विधवेला चुकवून पुढे जायचं. पाचव्या गुरुवारी गावठाणातली दुसरी का आली नाही, याचं एक कारण तेही होतं. आता ज्यांना हवा त्यांना बुक्का लावतात. वारकऱ्यांत बुक्क्याला सवाष्ण-विधवा हा भेद नाही. ज्यांना नको त्यांच्यासमोर ताट धरतच नाहीत. चहा मात्र सगळ्या एकाच किटलीतला घेतात, आणि तो भीमनगरातल्या घरून आलेला असला तरी प्यायचा, हे आक्कांनी पहिल्या दिवशी स्वतः आधी पिऊन ठरवून टाकलं.

दसऱ्यानंतर बैठक मोडते, ते टाळता येत नाही. चौदापैकी आठ जणी कोयत्याला जातात. फडावर पहाटे तीनला दिवस सुरू होतो, तिथे दीड तासाची बैठक सुचवणं हा त्यांच्यावर अन्यायच होईल. एका तळावर उतरलेल्या तिघी-चौघींनी आठवड्यातून एकदा चुलीपाशी मौन आणि एक फेरी एवढंच धरावं, असं सांगून वाकळीचा एक तुकडा सोबत देतात. गावात राहिलेल्या सहा जणींचा गोल साडेचार फुटांचा होतो. तो एखाद्या घरात बसतो, आणि थंडीत ते बरंच. निघायच्या आधी आशाताई तिन्ही विधवांची मुलं कुणाकडे राहणार, हे विचारून लिहून घेतात. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या एकादशीनंतर येणाऱ्या गुरुवारी पुन्हा ओसरीत खडूचा गोल आखायचा, आणि त्या दिवशी फेरी परतून आलेल्या बायांपासून सुरू करायची.